हिरव्या गाडीच्या जाळ्या आणि माझी इतर मालमत्ता

मी, नेव्हिल आर्थर रीडमन, वय एकाहत्तर, राहणार हॉथ्वेट, उत्तर यॉर्कशर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, म्हणजे जेवढे बसवते तेवढे बसून, लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन वर्षांपूर्वी मला फिटचे झटके येऊ लागले आणि गाडी चालवण्याचा परवाना परत करावा लागला. पण झटका येतो आणि जातो. उरलेला सगळा वेळ मी पूर्ण शुद्धीवर असतो, आणि त्रास त्याचाच आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझी बायको नोरीन सकाळपासून "एका जागी बसून एकदाचं लिहून टाक रे" असे म्हणत आहे, ते जबरदस्तीत धरायचे की नाही हे वकिलाने ठरवावे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती कुठे ठेवली आहेत ते मला आठवत नाही.

१. घर नोरीनला. मागच्या दाराची कडी मी दुरुस्त करणार होतो. ती आहे तशीच तिला मिळेल.

२. बँकेतील शिल्लक निम्मी नोरीनला आणि निम्मी आमचा मुलगा एड्रियन याला. तो लीड्सला असतो, चांगला आहे, फोन करतो. त्याच्याबद्दल आणखी पाचव्या कलमात.

३. हत्यारे गावच्या हॉलची डागडुजी करणाऱ्या मंडळींना द्यावीत. ते जे दुरुस्त करतात ते दुसऱ्या दिवशी पडते, निदान हत्यारांना तरी दोष देता येणार नाही. पत्रा कापायची कात्री आणि तार पिळायची पक्कड मात्र गाडीबरोबर राहील.

४. माझा मित्र क्लिफर्ड एगर याला काहीही नाही. इथल्या कायद्याने जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून मी मुद्दाम त्याला साक्षीदार केले आहे. कारण जाळी.

माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली दोन तोंडे आहेत. त्यांतून हवा आत शिरते, पुढच्या ब्रेकपर्यंत जाते आणि उतारावर तापलेल्या ब्रेकच्या तबकड्या थंड करते. हवेबरोबर पाने, माशा, खडेही शिरतात. एकदा एक खडा तबकडीपाशी जाऊन बसला आणि गाडी अख्खा उतार किंचाळत उतरली. मी पोलादी जाळी आणली. न्याहारीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तोंडाचा साचा बेतला, जाळी कापली, कडा मुडपल्या, ती आतून बसवली आणि चारही कोपऱ्यांना तारेने पिळून बांधली. मी डावरा आहे, माझा पीळ डावीकडे वळतो. क्लिफर्ड बघत उभा होता.

"अरे, तू तर ब्रेकचं नाकच दाबलंस," तो म्हणाला.

"भोकं मोठी आहेत. हवा जाते."

"आणि तार कशाला पिळत बसलायस? प्लास्टिकच्या पट्ट्या मार, झालं."

प्लास्टिक! तापलेल्या ब्रेकशेजारी! पट्टी वितळून जाळीच आत गेली तर खडा परवडला. तेव्हापासून आमचे या विषयावर जमत नाही. बाकी सगळ्या विषयांवर रोज जमते.

५. गाडी, दोन आसनी, हिरवी. चासी क्रमांक क्लिफर्ड वाचून आणील, कारण परवाना गेल्यापासून मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलेले नाही. टाकवत नाही. ही गाडी एड्रियनला, पण एका अटीवर. तो म्हणतो, "डॅड, अशा गाड्या चालवायच्या नसतात. झाकून ठेवायच्या, किंमत चढते." त्याने गरम हवेची शेडही पाहून ठेवली आहे. उभी ठेवलेली गाडी मरते. मलाही दोन वर्षे उभे करून ठेवले आहे, मला विचारा. म्हणून दर सप्टेंबरात क्लिफर्डने लीड्सला जाऊन जाळ्या तपासाव्यात. त्यांत माशा-पाने अडकलेली असली तर गाडी एड्रियनकडे राहावी. जाळी चहाच्या गाळणीसारखी लख्ख निघाली तर गाडी काढून घ्यावी आणि

कोणाला द्यावी? उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो, मग चहा टाकला, मग तो न पिताच पुन्हा खिडकीपर्यंत. ती गाडी चालवील असे माझ्या ओळखीत कोणी उरलेले नाही. क्लिफर्ड त्या सीटमध्ये शिरला तर बाहेर निघत नाही. नोरीनला ती गाडी आवडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत तिला ओकारी झाली होती. मी मेल्यावर ती गाडी कुठेतरी झाकून पडणार, या विचाराने मला झोप लागत नाही. हे कलम नंतर पुरे करतो.

६. दर मंगळवारी मिनीबस मला व्हिटबीच्या ज्येष्ठांच्या क्लबात नेते. तिथे पातळ सूप आणि डॉमिनोजच्या सोंगट्या. नोरीनने माझे नाव परस्पर घातले, आणि मी कुरकुर केली की ती माझा कोट घेऊन दारात उभी राहते. क्लबातली माझी जागा ज्याला हवी त्याला देतो.

७. माझी राख वरच्या माळावर, चालत्या गाडीतून सोडावी. वाऱ्याची दिशा पाहावी, नाहीतर मी सगळा जाळीत अडकेन.

इथवर लिहून झाले तोच साक्षीदार आले. शेजारच्या पायबसबाई स्कोन खायला बसल्या आणि क्लिफर्ड किल्ली घेऊन गॅरेजकडे गेला. परत आला तो क्रमांक न घेता. त्याने टेबलावर मूठ उघडली. आत मेंढीच्या लोकरीचा पुंजका होता आणि त्यात गुंतलेली हेदरची जांभळी फुले, ताजी.

"डावीकडच्या जाळीत होतं," तो म्हणाला. "आणि नेव्हिल, तारेचा पीळ उजवीकडे आहे. तुझा नाही तो."

कुंपण नाही म्हणून मेंढ्या रस्त्यावर येतात तो फक्त वरचा माळ, आणि तिथली हेदरची झुडपे आत्ताच फुलली आहेत.

"एड्रियन!" मी ओरडलो. "नाहीतर चोर! पोलिसांना फोन लावा!"

"चोर जाळी काढून, धुऊन परत बांधतो होय?" क्लिफर्ड म्हणाला. "तारेची टोकंसुद्धा आत दुमडलीत, बोटाला लागू नयेत म्हणून."

पायबसबाई लोणी लावत होत्या. "मंगळवारचं म्हणताय ना?" त्या म्हणाल्या. "अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मिनीबस वळली की लगेच निघते की."

नोरीन सिंकपाशी पाठमोरी उभी होती. भांडी कधीच संपली होती, नळ चालूच होता.

"बॅटरी उतरू नये म्हणून नेते," ती म्हणाली. "उभी राहिली की मरते, तूच म्हणायचास."

"माळापर्यंत? बॅटरीसाठी?"

"पहिले एक-दोन मंगळवार बॅटरीसाठी." तिने नळ बंद केला. "मग नाही."

"पण तुला ओकारी होते!"

"तू चालवतोस तेव्हा होते."

क्लिफर्डला इतके हसू फुटले की त्याला धरून बसवावे लागले. मला हसू येत नव्हते. "मला सूप प्यायला पाठवून! सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू खिडकीत उभा राहून मला जाताना बघत बसला असतास," ती म्हणाली. "मला ते बघवलं नसतं रे."

मी पेन उचलले आणि म्हणालो, "पाचवं कलम खोडतो. गाडी तुला."

"कधी? तू मेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे ते, नोरीन."

"मग नको. मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू? आत्ता दे. आणि कोट घाल."

कलम ५ खोडले आहे. खोडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. हिरवी गाडी, दोन्ही जाळ्या, तार, कात्री आणि पक्कड मी आज, जिवंत असताना, माझी बायको नोरीन हिला दिली आहे. ती आता माझ्या मालमत्तेत नाही, त्यामुळे चासी क्रमांकही लागत नाही. एड्रियनने शेडमध्ये टोमॅटो लावावेत. कलम ६ अमलात येण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये; क्लबातली जागा येत्या मंगळवारपासून रिकामी आहे.

सही वाकडी आली आहे ती झटक्याने नव्हे. कागद बॉनेटवर आहे, इंजिन चालू आहे, आणि नोरीन हॉर्नवरचा हात काढत नाही. या गाडीत डावीकडच्या सीटवर मी आज पहिल्यांदा बसणार आहे.

नेव्हिल आर्थर रीडमन

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:

हिल्डा पायबस, शेजारीण

क्लिफर्ड एगर, मित्र (जाळीने हवा अडते, हे माझे मत कायम आहे. पीळ मात्र नोरीनचा जास्त चांगला आहे.)

स्थळ: हॉथ्वेट, गॅरेजच्या उघड्या दारात
दिनांक: रविवार, १ सप्टेंबर २०१९