बिननालाची घोडी

बाबा, परवा नातीला घोड्यावर बसवायला गंगापूर रोडकडच्या एका तबेल्यात गेले होते. तिथल्या शिकवणाऱ्या गृहस्थानं मला ऐकवलं, "आजी, नाल न ठोकता घोडा ठेवणं हे परदेशातलं नवीन शास्त्र आहे." मी म्हटलं, "नवीन तुम्हाला. माझ्या वडिलांनी इथल्याच द्वारकेच्या टांगा स्टँडवर बिननालाची घोडी टांग्याला जुंपली, तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता." तो हसला, म्हाताऱ्या बाईला हसतात तसा. भयंकर राग आला.

पण तुम्हाला हे सुचलं कसं? घोडी विण्यासाठी आपल्या गावी, नामपूरला ठेवली होती, नाल काढून. परत आली तेव्हा तिचे चिरलेले खूर भरून आले होते. दुसरा कुणी तडक नालबंदाकडे गेला असता. तुम्ही अंगणात वाकून तिचा पाय दोन गुडघ्यांत धरता आणि खुराखालचा मऊ त्रिकोण अंगठ्यानं दाबून बघता. "हे जमिनीला टेकलं पाहिजे," एवढंच म्हणता. मग दर रविवारी कानशीनं फक्त कड गोल करायची, तळाला हात लावायचा नाही. मी नववीत, घोडीचं तोंड धरून उभी. दुखतं का तिला? आत रक्त कुठपर्यंत असतं? तुम्ही म्हणता, "तिलाच विचार. इंग्रजी शिकवतात ना तुला?"

स्टँडवर नालबंद विचारायचा, "काय मामा, राणीसाहेबांच्या चपला चोरीला गेल्या का?" चार महिने घोडी मजेत चालली. मग एका सकाळी लंगडली. खडीवर पाय टेकवेना. "सांगितलं होतं ना मामा, डांबर हाय हे, नामपूरची माती नाय." तुम्ही खाली बघत गावाकडच्या बोलीत म्हणालात, "मनी चूक शे." त्याच दिवशी नाल ठोकून घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत.

चूक तुमची नव्हती. आदल्या दुपारी तुम्ही झोपला होतात. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर दर सोमवारी आमची नखं तपासायच्या. मला तो मळकट, खडूसारखा तळ बघवेना. पुढचा पाय उचलून चाकूनं खरवडत गेले, गुलाबी लागेपर्यंत. घोडी हललीसुद्धा नाही. नालबंदाला तो तळ रस्त्यानं झिजलेला वाटला, आणि तुम्हालाही.

टांगा विकून तुम्ही गावी राहायला गेलात. मी नोकरीच्या ठिकाणाहून दर महिन्याला पत्र टाकत होते. दिवसभर ऑफिसात लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी तुम्हाला तब्येत विचारायची. पत्ता होता, पोस्ट चालू होतं. हे एवढं मात्र लिहिलं नाही.