अक्काला उचलायचा सराव

१२ जानेवारी
अक्का सकाळी पलंगावरून घसरली. लागलं नाही काही, पण खाली बसली ती बसलीच. डाव्या बाजूत पक्षाघाताच्या झटक्यानंतर जोर नाही, आणि मला ती उचलेना. काखेत हात घालून ओढलं, चादर घालून ओढलं. शेवटी वॉचमन आणि वरचा भाडेकरू, दोघांनी मिळून उचलली. गाऊन गुडघ्यांच्या वर. शाळेत तीनशे मुलींना एका शिट्टीत सरळ उभं करणारी बाई. दिवसभर एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पुण्याहून दादाचा फोन. त्याला कोणी सांगितलं देव जाणे. "सुमे, आता बास. इथे वृद्धांसाठी चांगलं होम आहे, मी बघून आलोय. फेब्रुवारीअखेर येतो आणि घेऊन जातो तिला." म्हटलं, मी उचलेन. "तू? तुला गॅसचा सिलिंडर हलत नाही." खरं आहे, म्हणून जास्त राग आला.

१५ जानेवारी
निनाद गच्चीबावलीहून इकडे तारनाक्याला आमच्याकडे आला. दादाचा मुलगा, ऑफिसपेक्षा जिममध्ये जास्त असतो. त्याला म्हटलं होतं, वजनं उचलायला शिकव. लोखंडी रॉड, चकत्या, कमरेचा रुंद पट्टा आणि प्रोटीनचा डबा घेऊन हजर. "आत्या, डेडलिफ्ट. जमिनीवरून उचलायचं आणि सरळ उभं राहायचं. बाकी सगळा टाइमपास." रिकामा रॉडच वीस किलो. तसूभर हलला नाही. बाप अक्काला न्यायला निघालाय आणि पोरगा मला तिला ठेवून घ्यायला शिकवतोय, हे त्याच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे.

१७ जाने.
नि.ने अकरा व्हिडिओ पाठवले. प्रत्येकात मान नसलेला एक माणूस. एक म्हणतो उपाशीपोटी करा, दुसरा म्हणतो खाऊन. एक म्हणतो बूट घाला, एक म्हणतो अनवाणी. एकसष्ट वर्षांची बाई यांतल्या एकानेही पाहिलेली नसावी. डोकं पिकलं.

१८ जाने.
सुलतान बाजार. खेळाच्या सामानाचं दुकान. कमी वजनाचं काही दाखवा म्हटलं तर गुलाबी डंबेल काढले, एकेक किलोचे. "लेडीज के वास्ते यहीच है मेडम." अहो, मला बासष्ट किलोची बहीण उचलायची आहे.

तिथून बेगम बाजार. भंगारात वाण्याची जुनी वजनं मिळाली, दोन, पाच आणि दहा किलोची. दुकानदार म्हणाला, "दुकान खोल रईं क्या अम्मा?" हौ म्हटलं. कोण समजावत बसणार. पिशवी ऑटोत चढवायला मी आणि ऑटोवाला, दोघं लागलो.

२३ जाने.
अक्का बोलली. म्हणजे खेकसली. तिच्याच खोलीत दहा किलो पिशवीत घालून उचलत होते. "पाठीचा बाक काढ. गुडघ्यांतून बस. वजन पायांजवळ." मी म्हटलं, नि.चा व्हिडिओ वेगळं सांगतो. "त्या व्हिडिओने तेहेतीस वर्षं पीटी शिकवलीय का?"

आता रोज साडेसातला चांगल्या हाताने ताटलीवर चमचा वाजवून मोजते. चूक झाली की मोजणी परत एकपासून. शाळेत हिच्याच तासाला मी पोटदुखीची चिठ्ठी न्यायचे, ते अजून मनात आहे तिच्या.

डे.लि. (डेडलिफ्ट) १० किलो × ५ वेळा. पाठ दु.

२ फेब्रुवारी
डे.लि. २० × ५. म्हणजे नुसता रॉड, पण उचलला. कोणाला सांगावं कळेना, म्हणून वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, कायकू?

५ फेब्रु.
फिजिओ मुलगी आली. माझ्या कमरेचा पट्टा बघून म्हणाली, "ये आपको नहीं मेडम, इनको बांधो." अक्काचे पाय जमिनीवर, माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवलेले, पट्टा दोन्हीकडून धरायचा, तिने पुढे झुकायचं, मग दोघींनी मिळून उठायचं. काखेतून ओढायचं नाही, खांदा निखळेल. एवढी साधी गोष्ट अकरा व्हिडिओंत कोणी सांगू नये?

तिसऱ्या खेपेला जमलं, पलंग ते खुर्ची. अक्का म्हणाली, "ठीक." तिच्याकडून ठीक मिळवायला मुलींना वर्षं लागायची.

१४ फेब्रु.
डे.लि. २५ × ५. अक्का आता सहज उठते, कापसासारखी. दादाला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो "हं" म्हणाला.

१७ फेब्रु.
संताप संताप. पट्टा बांधताना टोक चार बोटं जास्त लोंबत होतं. गाऊनही ढगळ. संशय येऊन उशीच्या अभ्र्यात हात घातला तर रुमालात पोळीचे तुकडे, वाळलेले. बाकीचे खिडकीतून कावळ्यांना. आणि मी मूर्ख, कावळे फार झाले म्हणून त्यांना हाकलत होते.

"हे काय अक्का?"

"तुला बासष्ट किलो जमायला वर्ष लागेल. दादा अकरा दिवसांत येतोय. म्हटलं, थोडी मी खाली येते."

इतकं शांतपणे सांगितलं की मी ओरडले. पायात जे काही मांस उरलंय ते उपाशी राहून घालवायचंय का? फिजिओ नीट खायला सांगून गेली ना? मग रडले. मला वाटत होतं मी ताकदवान झाले. निम्मी ताकद तिच्या रिकाम्या पोटाची होती.

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला नाही जायचं तिथे, सुमे." महिनाभरात पहिल्यांदा बोलली हे. मीही तिला विचारलं नव्हतं.

१९ फेब्रु.
समोर बसून जेवू घालते. दोन पोळ्या, वरण, एक अंडं. "जड होईन." हो जड.

२५ फेब्रु.
डे.लि. ३० × ५. पट्ट्याचं टोक थोडं आत आलं. पण आज उठवताना अर्ध्यातून परत बसली. पलंगावरच, पण दोघी घाबरलो. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा केलंच नाही.

२८ फेब्रु.
दादा सकाळी आला. चहा झाल्यावर म्हणाला, दाखव. पट्टा बांधला, गुडघे टेकवले. अक्काने एक, दोन म्हटलं आणि तीनला उठली. खुर्चीत नीट बसली. दादा माझ्या पायांकडे बघत होता. थरथरत होते.

"जमतंय तुला, मान्य," म्हणाला. "पण सुमे, तू पडलीस तर? तुला कोण उचलणार?"

याचं उत्तर कुठल्या व्हिडिओत नाही. तेव्हा बघू, म्हटलं. त्याने वाद घातला नाही, पाय मोकळे करायला खाली गेला. भांडला असता तर मी तयार होते.

तो गेल्यावर अक्का दोन्ही पोळ्या जेवली. मग म्हणाली, "दादाला विचार गं, त्या होममध्ये आपल्या दोघींना घेतात का." मी म्हटलं, गप बस आणि मोज. रॉडला चकत्या लावल्या. तिने ताटली वाजवायला घेतली. पाच झाल्यावर चमचा खाली ठेवला आणि तेच पुन्हा विचारलं.