तेजूचा इंटरव्ह्यू, ट्रेनिंग माझं

३ जुलै, गुरुवार
तेजूला मेडिकल कॉलेजचं इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पंधरा तारीख. आजपासून सगळी सूत्रं माझ्या हाती. इथे ओमानमध्ये दुक्म बंदराच्या प्रोजेक्टसाठी मी इतकी वर्षं माणसं भरतोय, वेल्डरपासून सुपरवायझरपर्यंत. दारातून आत येतानाच मला माणूस कळतो. माधवीने लगेच आठवण करून दिली, की तुम्ही घेतलेला क्रेनवाला उंचीला घाबरायचा. बायकोने चांगल्या दिवशी तरी गप्प बसावं.
ऑफिसच्या मेडिकल चेकअपमध्ये माझं बीपी वर निघालं. रोज एक गोळी म्हणे. जुलैत मस्कतमध्ये कोणाचं बीपी खाली असतं?

४ जुलै, शुक्रवार
सुट्टी. 'डॉक्टर का व्हायचंय' याचं उत्तर इंग्लिशमध्ये लिहून दिलं. दीड पान. 'नोबल प्रोफेशन' ठिकठिकाणी पेरलं. तेजू म्हणाली, बाबा, हे कोणाच्या तरी फेअरवेलचं भाषण वाटतंय. मग तुझं कारण काय, असं विचारलं. तिला म्हणे लोकांचं ऐकायला आवडतं. ऐकून काय होतं? डॉक्टरने सांगायचं असतं!

७ जुलै, सोमवार
कॉलेजचा मेल. सहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक प्रसंग. एका खोलीत पेशंट म्हणून चक्क नट बसवणार. यांना डॉक्टर हवेत की नाट्यस्पर्धा भरवायचीय? हरकत नाही. घरी पेशंट मीच होणार.
गोळ्यांची पट्टी गाडीत डॅशबोर्डवर राहिली. दुपारी हात लावला तर चटका बसला. भाजलेल्या गोळ्या घेणं धोक्याचं. तब्येतीच्या बाबतीत मी रिस्क घेत नाही.

९ जुलै, बुधवार
पहिली तालीम. मी पोटदुखीचा पेशंट. इतका झकास विव्हळलो की शेजारचे हुसैनमियाँ ॲम्ब्युलन्स बुलाऊँ क्या, असं विचारायला दारात आले. आणि तेजू? कधीपासून दुखतंय, एवढंच विचारून गप्प. मी बजावलं, ताबडतोब निदान ठोक, कॉन्फिडन्स दिसला पाहिजे. ती म्हणाली, मी अजून डॉक्टर नाहीये, त्यांना डायग्नोसिस नकोच असतं. माधवीने तिचीच बाजू घेतली. खलास. या घरात अनुभवाला किंमत नाही.
डोकं जड. उन्हाने.

१२ जुलै, शनिवार
आज प्रसंग तेजूने ठरवला. गोळी न घेणारा पेशंट. अगदी सोपा रोल. ती मला काका म्हणाली. गोळी का नको वाटते काका, असं विचारलं. मी उन्हाळ्याचं सांगितलं. तिने मान डोलावली. अजून काही? मी डॅशबोर्डचं सांगितलं. हसली नाही. अजून काही? आणि मग नुसती बसून राहिली. समोरचा असा गप्प बसला की मला राहवत नाही. सांगितलं, आमच्या वडिलांचं, अण्णांचंही एकाच गोळीपासून सुरू झालं. मग दोन, मग डबा, मग हॉस्पिटल, मग अण्णा गेलेच. मी एक घेतली की माझंही सुरू झालं. भीती वाटते.
हा अर्थात अभिनय. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. माधवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, तिलाही सांगितलं, अभिनय.
उणीव: तेजूने एका शब्दानेही उपदेश केला नाही. मार्क कापले.

१५ जुलै, मंगळवार
इंटरव्ह्यू झाला. घुब्रातल्या घरापासून कॉलेजपर्यंत शेवटच्या सूचना दिल्या. तिच्या कानात इअरफोन होते, हे पार्किंगमध्ये कळलं.
डॉक्टर का व्हायचंय, हे कोणी विचारलंच नाही. माझं दीड पान पाण्यात. नटाच्या खोलीत एक बाई होती, शुगरची औषधं टाळणारी. तेजू म्हणते, मी फारसं काही बोललेच नाही, विचारलं आणि थांबले. ती बाई हळूहळू बोलायला लागली. परीक्षक मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलीस? ही म्हणाली, घरी एक पेशंट आहे.
पेशंट! कोच नाही, पेशंट!
परत येताना मी एक शब्द बोललो नाही. निषेध म्हणून. तिला काही फरक पडला नाही. तिला गप्प बसायची सवयच आहे.

२१ जुलै, सोमवार
सीट मिळाली! ऑफिसभर मिठाई वाटली. ट्रेनिंग माझं, हे प्रत्येकाला सांगितलं.
घरी आलो तर तेजू पाण्याचा ग्लास आणि नवी पट्टी घेऊन उभी. मी स्पष्ट सांगितलं, या घरात मी कोणाच्याही दबावाखाली गोळी घेणार नाही, डॉक्टरच्याही नाही, डॉक्टर होणाऱ्यांच्या तर मुळीच नाही. ती ग्लास धरून उभीच. मी अजून बरंच बोललो. ती ऐकत राहिली. शेवटी माझ्याकडचं बोलणं संपलं.
घेतली.
तिने रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, थँक यू काका, उद्या याच वेळी.