लाल सायकलचा क्रँक

बाबा, तुमची ती लाल गिअरवाली सायकल मी सिंदी मेघेला माझ्या घरी आणली आहे आणि गेले तीन रविवार गच्चीवर ती खोलून बसते आहे. तुम्ही गेल्यावरही अकरा वर्षं ती समुद्रपूरच्या दुकानात खुंटीला टांगलेलीच होती. आता दुकान दुसऱ्याला दिलं, म्हणून उतरवावी लागली. टायर विरले होते, ब्रेकच्या तारा गंजून अडकल्या होत्या आणि सीटच्या नळीत कुंभारीण माशीने घर केलं होतं. सांगाडा मात्र ठणठणीत आहे. हल्ली रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेलने पुसते. बेअरिंगचे छर्रे तुमच्यासारखेच ताटलीत ठेवते, आणि एखादा घरंगळला की तुमच्यासारखंच सगळं घर कामाला लावते.

ही सायकल आपल्याकडे कशी आली ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे जेवढं ठाऊक आहे तेवढं. उरलेलं मला ठाऊक आहे आणि तेच लिहायला बसले आहे. बदली होऊन आलेल्या एका साहेबांची ती होती. पायडल मारताना त्याचा दांडा, म्हणजे क्रँक, कटकट वाजतो म्हणून ते ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला तेरवीसाठी आष्टीला जायचं होतं. निघताना तुम्ही म्हणालात, "त्या लाल सायकलले हात नको लावू. मी येतो अन् पाह्यतो." मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगातलं बरंच काही आपल्याला कळतं असं माझं मत होतं. दुकान तर मी कितीदा सांभाळलं होतं. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलचा क्रँक काढायचा म्हणजे त्याची पिन हातोडीने ठोकून बाहेर काढायची, हे माझ्या डोळ्यांनी हजारदा पाहिलेलं. या सायकलला पिनच सापडेना. बोल्ट काढला तरी क्रँक हलेना. मग मी मागून हातोडी मारली, एकदा नाही, चांगली चारदा. आपल्या सायकलींचे क्रँक लोखंडाचे, हा ॲल्युमिनियमचा. निघाला तर नाहीच, पण भोकापाशी केसाएवढी चीर पडली. ती मला दिसली. मी तिच्यावर ग्रीस फासलं, बोल्ट कसाबसा बसवला आणि सायकल भिंतीला लावून ठेवली.

तुम्ही आष्टीहून परतल्यावर सकाळी साहेब समोर उभे आहेत आणि तुम्ही पाना फिरवता आहात. बोल्टच सैल होता, म्हणून वाजत होतं, असं त्यांना सांगता आहात. शेवटच्या पावफेऱ्याला टक असा आवाज होतो आणि क्रँक दुभंगतो. तुम्ही क्रँककडे पाहत नाही, स्वतःच्या हाताकडे पाहता. "साहेब, माह्या हातून जादा कसला गेला," तुम्ही म्हणता. मी आत चहाचे कप घेऊन उभी आहे.

तसा क्रँक तेव्हा नागपुरातही मिळाला नाही. तुम्ही साहेबांना स्वतःची काळी सायकल दिलीत आणि ही ठेवून घेतलीत. फुटका तुकडा फडक्यात बांधून फळीवर ठेवलात, तो पुन्हा सोडला नाहीत. त्यानंतर गिअरची सायकल आली की "गिअरवाली नाई करत जी, वर्ध्याले न्या" हे ठरलेलं उत्तर. पण काळ्या सायकलींच्या कामातही ती धास्ती शिरली. ज्या हाताला माप लागत नाही असं गाव म्हणायचं, तो हात आवळलेला नट सोडायचा आणि परत आवळायचा. आई एकदा म्हणाली, "काऊन परत खोलून राह्यले? आत्ताच तं आवळला." तुम्ही म्हणालात, "पाहून घेतो एकडाव. हातावर भरोसा नाई राह्यला." मी तेव्हा तिथेच जेवत होते. ताट उचललं आणि घासायला नेलं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता, तेवढंच. वर्षभराने सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. मग ते राहूनच गेलं, आणि तुम्ही तो संशय घेऊनच गेलात. मला याचं फार वाईट वाटतं, बाबा.

क्रँक काढायचं एक लहानसं अवजार असतं. आता ते मागवलं आणि दुसऱ्या बाजूचा क्रँक दोन मिनिटांत हातात आला. एवढंच काम होतं. फुटलेल्याच्या जागी नवा हवा, म्हणून काल फडक्यातला तुकडा नमुना म्हणून वर्ध्याला नेला. दुकानदाराने तो उलटून पाहिला. मागच्या बाजूला माझे चारही घाव अजून स्वच्छ दिसतात. "याले हातोडी कोणं मारली?" त्याने विचारलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ओळखीचं कुणी नव्हतं. घरी येऊन हे सगळं तुम्हाला लिहायचं असं मी जाताना बसमध्येच ठरवलं होतं. हे कुठे पोचणार नाही, तेव्हा लिहायला काय जातं. पण तिथे मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. काळ्या सायकलींचे मिस्त्री होते ते."

तो हसला, वाईट नाही, समजून घेतल्यासारखा. म्हणाला, "जुन्या लोकायले हे नाई समजे, मॅडम."

आणि मी म्हटलं, "हो ना."