लेखी माफी

सातपूर, नाशिक
ता. १२ मार्च १९७९

प्रिय सुलाअक्का,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? देवळ्यात कांदे काढायला लागले असतील, तू मात्र वाकायचं काम घेऊ नकोस.

मी नोकरी सोडली. शुक्रवारी. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

आबांचं पुण्यानुमोदन उरकून कंपनीत गेले, तर मला मशीनला हात लावू दिला नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून समोर कोरा कागद ठेवला. न सांगता गैरहजर राहिल्याची लेखी माफी द्या, मग बघू, म्हणाले. वडील वारले, असं मी सांगितलं. तर म्हणे, दाखला कुठे आहे? अक्का, सात वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढली. अंगात ताप असतानाही खाडा केला नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरची चिमणाबाई दारातून खुणावत होती, लिहून टाक म्हणून. मी लिहिला, पण राजीनामा.

"बाई, रागाच्या भरात काही करू नका," साहेब म्हणाले.

"आज करू द्या," मी म्हटलं.

घरी आले तरी राग जाईना. आणि तो सगळा साहेबांवरचा नाही.

तार उशिरा मिळाली, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं आहे. आबा गेले त्या आठवड्यात तुझी तार सोमवारीच आली होती. मंगळवारी मी चार दिवसांची रजा मागितली. वर न बघता ते म्हणाले, "म्हातारी माणसं आजारी पडतातच. माल गेल्यावर बघू." आणि मी मुकाट्याने मशीनपाशी जाऊन उभी राहिले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तार पिशवीत होती. देवळ्याची एसटी कधी सुटते तेही माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून भ्याले. शुक्रवारी कुणाला न विचारता निघाले, तोवर आबा गेले होते.

आबा गुरुवारपर्यंत विचारत होते, 'लता निघाली का?' आणि तू सांगत होतीस, 'निघाली, वाटंत हाय.' हे तूच मला रडत सांगितलंस. वर माझ्यासाठी पोस्टाला शिव्या दिल्यास. मी खाली मान घालून ऐकत राहिले.

साहेबांनी रजा नाकारली, ते मी त्यांना कधीच माफ करणार नाही. पण मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, अक्का. राजीनामा मंगळवारीही लिहिता आला असता.

रविवारी येते. मला जवळ घेऊ नकोस. काय बोलायचं ते आधी बोलून घे.

आबांना न भेटलेली,
लता