रक्तात हाये म्हणे

३ नोव्हें. सोमवार
पोराले, सुनीलले घेऊन पांढुर्ण्याले दवाखान्यात गेली. दारू सोडवणारा डॉक्टर नवाच हाये. कागदावर आमच्या खानदानाचं झाड काढलं. माणूस चौकोन, बाई गोल, पेणारा काळा. सासरे काळे. आमचे हे तं दोनदा गिरवले. सुनील काळा. म्हणे, "मावशी, थोडं रक्तातून येते. स्वभावही येतो, उतावळ्याले लवकर लागते. पंधरा दिवस भरती करा." म्हटलं, माहा गोल कोरा ठेवला, उपकार झाले. हसला.

४ नोव्हें.
सु. कागद खिशात घेऊन फिरून राहिला. सांजच्याले पेऊन आला. "माय, मी काय करू, रक्तात हाये. डॉक्टरनंच लिहून देल्लं." भेटला परवाना! म्हटलं, बापाचं नाकबी आलं तुले. त्याच्यासाठी दारूच्या ठेक्यावर जा लागलं का?
भरतीचं नाव नाई.

६ नोव्हें.
सून वंदनानं सामान बांधलं. पोरीले घेऊन बोरगावले माहेरी जातो म्हणे. "आई, रक्तातच असन तं उद्या पिंकीचं काय?" सहा वर्साची पोर, तिचा गोल आतापासूनच काळा? डोकं फिरलं माह्यं. सुनेवर नाई, त्या कागदावर. सोमवारपावतर थांब म्हटलं. थांबली.

७ नोव्हें.
सु. च्या खिशातला कागद घेऊन एकटीच गेली दवाखान्यात. डॉक्टरले म्हटलं, माह्ये दीर कुठी हायेत झाडात? वीस वर्स पेले, मंग सोडली. त्याच बापाचे. आता तिगावले संत्र्याचा बगीचा पाह्यतात. डॉ. म्हणे, तुम्ही सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही पेणारे विचारले, सोडणारे कुठी विचारले?
चौकोन काढला, अन् पेन थांबला. काळा का कोरा. म्हणे, "रक्तात धोका असते मावशी, नशीब नसते. त्या दिवशीही सांगितलं होतं." असन. आम्ही मायलेकानं काळेच पाह्यले.
मंग माह्या बाबाचा चौकोन काढाले लावला. लपवला होता मी. काळा.

९ नोव्हें.
सु. ले सगळं सांगतलं, बाबाचंबी. म्हटलं, दोन्हीकडून आलं तुह्या आंगात, अन् काका तुहा सोडून बसला. त्यानं कागद पुन्हा पाह्यला. मंग, "काकानं कशी सोडली?"
इतक्या वर्सात पह्यल्यांदा काही विचारलं यानं. म्हटलं, त्यालेच विचार. फोन घेऊन आंगणात गेला. काय बोलले, सांगत नाई.

१० नोव्हें. सोमवार
उठून पाह्यतो तं सु. नाई. दोन कपडे अन् टावेलबी नाई. वंदना बांधलेल्या सामानाजवळ उभी. "आई, गेले का दवाखान्यात?"
काय सांगू. बस स्टँडचा रस्ता ठेक्यापुढूनच जाते.
चहा मांडला. तिलेबी बस म्हटलं.