अर्ध्या बादलीतली सरळ रेघ

नांदेड, २ एप्रिल

गाईड सर आज ग्राफ बघून म्हणाले, "रेघ अगदी सरळ आलीय. पेपर पाठवून दे." वर चहा पाजला. सरांनी कुणाला चहा पाजल्याचं ऐकिवात नाही.

एम.टेक.ची क्रेडिट्स झाली, सेमिनार झाला. एक पेपर लागतो, तोही होईल. मग महिनाअखेर कमिटीपुढं प्री-सिनॉप्सिस, मग थिसिस बांधायला. मटेरियल्सच्या आमच्या बॅचमध्ये वेळेत सुटणारी मी एकटीच.

आनंद झाला. पण जीव थाऱ्यावर नाही. उगीच जिने चढउतार.

५ एप्रिल

उदगीरहून अप्पांचा फोन, धान्याच्या मोंढ्यातल्या आडतीवरून. "उदगीर जिल्हा होऊन राहिलाय बघ." हे शाळेत असल्यापासून ऐकून राहिले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, अन् अप्पा तर तुरीचेच आडते.

जूनमध्ये तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवायची जागा निघणार. डिग्री हातात पाहिजे. अप्पांनी अख्ख्या मोंढ्याला सांगून टाकलंय, पोरगी आता इथंच. मलाही तेच पाहिजे, लई पाहिजे. म्हणून तर धडकी.

मग आई, आमची अव्वा, फोनवर. जेवलीस का नंतर, आधी "पाणी आलं का तिकडं?"

९ एप्रिल

पेपर पाठवला. तरी खात्रीसाठी आज तुकड्यांची आणखी एक बॅच. लोखंडाचा लालभडक तुकडा चिमट्यानं भट्टीतून काढायचा, बादलीत सोडायचा, चर्रर्र. आधी थोडा वेळ भट्टीत ठेवलेले, शेवटी जास्त वेळ ठेवलेले. मग हार्डनेस मोजायचा. जितका वेळ भट्टीत, तितका तुकडा मऊ. हीच माझी रेघ.

लॅबचा नळ कोरडा. टँकरचं अर्धी बादली पाणी सगळ्या तुकड्यांना पुरवलं. नेहमीसारखंच. काम झाल्यावर बादली हॉस्टेलवर. काळी खपली खाली बसते, वरचं निवळ कपड्यांना. ओतून दिलं तर अव्वा स्वप्नात येऊन मारेल.

रूममेट सुनंदा, हदगावची. तिनं बादलीत हात घातला. "अगं, या उन्हाळ्यात गरम पाणी कशाला आणलीस?"

"भट्टीचं हाय," म्हणाले. हसलो. कपडे धुतले. दोरीवर ओढणी टाकता टाकता हात थांबला.

गरम.

१० एप्रिल

पहिला तुकडा थंड पाण्यात, शेवटचा कढत पाण्यात. कढत पाण्यात लोखंड हळू निवतं, हळू निवलं की मऊ राहतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं. म्हणजे ती रेघ भट्टीची नाहीच, बादलीची. बहुतेक.

पुस्तकात लिहिलंय, पाण्याचं तापमान सारखं ठेवा. लिहिणाऱ्याच्या घरी नळ असेल. आमच्या घरी तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं झाडाला. पाणी एकदाच वापरायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नाही.

स्वतःचाच राग येऊन राहिला. जेवले नाही.

१२ एप्रिल

सुनंदाला सांगितलं. "गप बैस की. कोण तपासून राहिलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

भांडले तिच्याशी. ती वाईट बोलली म्हणून नव्हे. दोन दिवस मीही मनात तेच घोकत होते.

उदगीरला जाऊन पोरांना काय शिकवू, हीच रेघ?

१५ एप्रिल

सांगितलं सरांना.

चष्मा काढून ठेवला. "पेपर मागे घे." मग, "सगळे तुकडे नव्यानं. दर तुकड्याला ताजं पाणी." मग स्वतःच, "पण एवढं पाणी आणायचं कुठून?"

सर औशाचे, तेही पाणीटंचाईतच वाढलेले. वर्षभर समोर उभे राहून बघत होते, त्यांनाही बादली कधी खटकली नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलंच नाही.

दारातून मागं बोलावलं. "रेघ आडवी आली, भट्टीनं फरकच पडला नाही, तर नवा पेपर कोण घेईल, सांगता येत नाही." पेपर नाही तर प्री-सिनॉप्सिस नाही. मग पुढचं सत्र. जून गेला.

१६ एप्रिल

अप्पांना फोन. सगळं सांगितलं.

"म्हणजे दर वेळी पाणी फेकायचं?"

"हाव अप्पा."

"डिग्रीला एवढं पाणी लागतं होय." मग, "मोंढ्यात सांगतो, जिल्हा झाला की येणार म्हणून."

रागावले असते तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल

सुनंदा अजून नीट बोलत नाही. पण सकाळी टँकर आला अन् ही मजल्यावरच्या पोरींना गोळा करून, जिची तिची बादली घेऊन लॅबच्या दारात. "आधी तुझ्या लोखंडाची आंघोळ, मग आमचे कपडे. एका बादलीत एकच तुकडा. जमतंय?"

मी गाढव. हे मला सुचू नये.

न जमायला काय. एक बादली, एक तुकडा. या वेळी क्रम उलटा, जास्त वेळवाले आधी. दर वेळी थर्मामीटर बुडवला. सर कोपऱ्यात उभे, बादल्या नेणाऱ्या पोरींना वाट करून देत होते. एक थेंब ओतून दिला नाही.

२० एप्रिल

हार्डनेसचं मशीन दुपारी मिळालं. पहिला तुकडा अन् शेवटचा, दोनच मोजले. जवळजवळ सारखे. मशीन दुसऱ्या बॅचला द्यावं लागलं, मधले राहिले. सर म्हणाले, जेवून ये.

हॉस्टेलवर आले. खाली हौदापाशी पोरी कपडे धुवून राहिल्या होत्या. सुनंदा ओरडली, "तुझं लोखंड लई मळकं गं."

अप्पांचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

मधल्या तुकड्यांची रेघ तरी तिरकी यावी असं वाटून राहिलंय, अन् असं वाटतंय याची लाज वाटते. मशीन आता मोकळं असेल. जाते.